मधुबालाचे सुरुवातीचे फोटो जमवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या हिंदी सिनेमाचे फोटो जमवणाऱ्या माणसाला सर्वात जास्त प्रश्न मधुबालाबद्दल विचारले जातात, आणि त्यातही तिच्या नाव होण्याआधीच्या वर्षांबद्दल. तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येत असल्याने उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. नवीन संग्राहकांनी काही विकत घेण्याआधी निदान मूळ प्रिंट ओळखण्याचा भाग तरी वाचावा.

‘सुरुवातीचे फोटो’ म्हणजे कोणत्या काळातले?

मी 1942 ते 1949 हा काळ धरतो. मधुबाला, म्हणजे मुमताज जहान देहलवी, 14 फेब्रुवारी 1933 रोजी दिल्लीत जन्मली. 1942 साली बॉम्बे टॉकीजच्या ‘बसंत’मध्ये ती बेबी मुमताज म्हणून पडद्यावर आली. पुढची काही वर्षं बालकलाकाराची कामं झाली, त्यातली काही दादरच्या रणजित स्टुडिओत. 1947 मध्ये केदार शर्मांच्या ‘नीलकमल’मध्ये ती नायिका झाली, तेव्हा वय जेमतेम चौदा. 1949 च्या ऑक्टोबरात ‘महल’ लागला आणि त्यानंतर तिचे फोटो काढणाऱ्यांची कधी वाण पडली नाही.

म्हणजे आपण ज्याच्या मागे आहोत तो सात वर्षांचा पट्टा आहे. या वर्षांत ती घराचा मोठा भार उचलणारी, एका स्टुडिओतून दुसऱ्या स्टुडिओत कामाला जाणारी लहान मुलगी होती. ‘सौंदर्याची देवी’ वगैरे बिरुदं नंतरची. मला हे फोटो मोलाचे वाटतात ते यासाठीच. त्यांत पोझ अजून बसलेली नाही, कॅमेऱ्यासमोर कसं उभं राहायचं हे ती शिकते आहे, आणि एका फोटोतून दुसऱ्या फोटोत ते शिकणं दिसतं.

एवढे जुने फोटो अजून मिळतात का?

मिळतात, पण फार थोडे. 1950 पूर्वीच्या आपल्या चित्रपटांचा मोठा हिस्सा नष्टच झाला. नायट्रेटची फिल्म पेट घ्यायची, सडायची, आणि जी उरली ती पुष्कळदा आतली चांदी काढण्यासाठी विकली गेली. जिथे चित्रपटाची प्रत राहिली नाही तिथे जाहिरातीचा एखादा फोटो किंवा गाण्यांची पुस्तिका एवढाच पुरावा उरतो. म्हणून 1947–48 मधल्या एखाद्या विसरलेल्या चित्रपटाचा साधा, कोपरा दुमडलेला फोटोसुद्धा मी ‘मुघल-ए-आझम’च्या झकास प्रिंटपेक्षा वरचा मानतो.

शोधायचं कुठे?

मुंबईत चोरबाजारातली मटण स्ट्रीट, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणारा जुना बाजार. दोन्हीकडे आता चांगला माल कमी आणि नव्या छपाईचे पोस्टर जास्त, तरी जात राहावं. खरा माल मात्र बहुतेक वेळा बाजारात येण्याआधीच अडतो: जुन्या थिएटरच्या माळ्यावर, वितरकाच्या बंद झालेल्या कचेरीत, मासिकं बांधून ठेवणाऱ्या एखाद्या आजोबांच्या कपाटात, रद्दीवाल्याच्या काट्यावर. रद्दीवाल्याशी ओळख ठेवा. त्याला ‘सिनेमाचे जुने फोटो आले तर अल्बम फोडू नका, मला आधी दाखवा’ एवढं सांगून ठेवलं तरी पुष्कळ काम होतं.

ऑनलाइन लिलावांतूनही वस्तू येतात. तिथे फोटोची मागची बाजू दाखवायला नकार देणाऱ्याकडून काहीही घेऊ नका.

विकत घ्यायचं नसेल, फक्त पाहायचं असेल, तर पुण्यात लॉ कॉलेज रस्त्यावरचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. 1964 साली ते सुरू झालं आणि पी. के. नायर यांनी ते उभं केलं. चित्रपटांबरोबर तिथे स्थिरचित्रं, पोस्टर आणि गाण्यांच्या पुस्तिकाही आहेत. खरी प्रिंट डोळ्यांखालून गेली की बाजारातली नक्कल लवकर खटकते.

हे फोटो काढले कोणी?

बहुतेकांचं नाव नोंदलेलं नाही, आणि ही मोठी हळहळीची गोष्ट आहे. स्टुडिओत स्थिरचित्रं काढणारा माणूस पगारी असे. शॉट झाला की कलाकारांना त्याच जागी पुन्हा उभं करून तो आपला फोटो घेई. ती नेगेटिव्ह कंपनीची, नाव कुणाचंच नाही.

जी नावं ठाऊक आहेत ती जपली पाहिजेत. ‘महल’चं छायाचित्रण जोसेफ विर्शिंग यांचं. म्युनिकहून आलेला हा जर्मन कॅमेरामन बॉम्बे टॉकीजच्या पहिल्या दिवसांपासून तिथे होता. दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने त्यांना स्थानबद्ध केलं, त्यामुळे ‘बसंत’च्या वेळी ते स्टुडिओत नव्हते. ‘बसंत’चा फोटो कुणी ‘विर्शिंगचा’ म्हणून विकत असेल तर ती थाप आहे. त्यांनी सेटवर काढलेल्या फोटोंचा ठेवा कुटुंबाने गोव्यात जपला आणि 2017 च्या सेरेंडिपिटी कला महोत्सवात पणजीत त्याचं प्रदर्शन झालं.

दादरला जे. एच. ठक्कर यांचा इंडिया फोटो स्टुडिओ होता. फाळणीनंतर कराचीहून आलेल्या या माणसाने नटनट्यांचे पोर्ट्रेट काढताना उजेड आणि काळोखाचा जो वापर केला तो लगेच ओळखू येतो. दामोदर कामत यांची कामत फोटो फ्लॅश 1945 पासूनची. चित्रपटांच्या स्थिरचित्रांत हे मोठं नाव. फोटोच्या पाठीवर यांपैकी कुणाचा शिक्का दिसला तर तो सर्वात आधी टिपून ठेवा.

मूळ प्रिंट आणि नंतरची कॉपी यांतला फरक कसा ओळखायचा?

घाई न करता, आणि आधी पाठ बघून.

‘मूळ’ म्हणजे त्या काळातच, मूळ नेगेटिव्हवरून काढलेली प्रिंट. त्या नेगेटिव्हवरून 1975 साली काढलेली प्रिंट खोटी नाही, पण ती त्या काळातली नाही, आणि तसं स्पष्ट सांगूनच ती विकली पाहिजे. तिसरा प्रकार म्हणजे फोटोचा फोटो. बाजारात याचाच सुळसुळाट आहे.

पहिली परीक्षा कागदाची. चाळीसच्या दशकातला फोटो-कागद हा निव्वळ कागद असतो. हाताला जाडसर लागतो, वर्षांनुवर्षांच्या दमटपणाने थोडा वळलेला असतो, कडेला तंतू दिसतात. प्लास्टिकचा थर दिलेला गुळगुळीत कागद साधारण 1970 च्या सुमारास रुळला. 1969 च्या फेब्रुवारीत मधुबाला गेली, म्हणजे असा कागद हाती आला की प्रिंट तिच्या हयातीतली नाही असंच धरा.

दुसरी परीक्षा अतिनील टॉर्चची. नोटा तपासायचा छोटा टॉर्चही चालतो. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालायची पद्धत पन्नासच्या दशकाच्या मध्यापासून पसरली. अंधाऱ्या खोलीत टॉर्च मारल्यावर कागद निळसर उजळला तर ‘1948 ची प्रिंट’ हा दावा टिकत नाही. उजळला नाही म्हणून मात्र प्रिंट जुनीच आहे असं ठरत नाही, कारण ती रसायनं नसलेला कागद नंतरही मिळत होता.

तिसरी, पाठीवरचं कंपनीचं नाव. गेवार्ट, आग्फा, कोडॅक अशी नावं फिकट अक्षरांत पुन्हा पुन्हा छापलेली असतात. आग्फा आणि गेवार्ट या दोन कंपन्या 1964 मध्ये एक झाल्या. दोन्ही नावं जोडून छापलेल्या कागदावर ‘नीलकमल’च्या काळातली प्रिंट असूच शकत नाही.

चौथी, गडद भागांची कड. प्रिंट तिरकी करून उजेडात धरा. काळ्या भागावर, विशेषतः काठांना, चांदीसारखी निळसर झाक आली असेल तर ते चांगलं लक्षण. इमल्शनमधली, म्हणजे कागदावरच्या प्रतिमेच्या थरातली, चांदी अनेक वर्षांत पृष्ठभागावर येते तेव्हा ती झाक धरते, आणि चहाच्या पाण्याने कागद पिवळा करणाऱ्याला ती जमत नाही.

शेवटी भिंग. नियमित ओळींत ठिपके दिसले तर ते मासिकातलं छापील चित्र आहे. फोटोत दुमड दिसते पण बोट फिरवलं तर कागद सपाट लागतो, असं असेल तर ती दुमड मूळ प्रिंटवर होती आणि तुमच्या हातात तिची नक्कल आहे. केसांचा नुसता काळा गोळा झालाय, दागिन्यांची नक्षी विरघळलीय, हीसुद्धा नकलेचीच खूण.

यातली कोणतीही एक परीक्षा एकटी पुरेशी नाही. तीन-चार गोष्टी एकाच दिशेने बोलल्या तरच मी होकार देतो.

पाठीवर शिक्का आहे. मग फोटो खरा ना?

शिक्का रबराचा असतो आणि नवीन करून घ्यायला वेळ लागत नाही. शाई कागदात मुरलीय की वर बसलीय, शिक्क्यावरचा पत्ता आणि फोटोतला चित्रपट एकाच काळाचे आहेत का, हे बघा.

फोटोतली मुलगी मधुबालाच आहे हे कशावरून ठरवायचं?

सर्वात जास्त घोटाळा इथेच होतो. ‘बसंत’ची नायिका मुमताज शांती होती आणि बेबी मुमताज तिची मुलगी. त्यामुळे नुसतं ‘मुमताज’ लिहिलेली 1942 ची प्रिंट दोघींपैकी कुणाचीही असू शकते. त्याच काळात बेबी मीना नावाने मीनाकुमारीही बालभूमिका करत होती, आणि दोन वेण्या घातलेल्या लहान मुलीचा अस्पष्ट फोटो पाहिला की विकणाऱ्याला ज्या नावाला भाव जास्त तेच नाव आठवतं. मधुबालाची धाकटी बहीण चंचल पुढे चित्रपटांत आली. दोघींच्या चेहऱ्यात साम्य असल्याने पन्नासच्या दशकातले तिचे काही फोटोही थोरलीच्या नावावर फिरतात.

माझी पद्धत अशी: चेहऱ्यावर शेवटी यायचं. आधी फोटोत आणखी कोण आहे, मागे कोणता सेट आहे, कपडे कोणते, हे पाहून चित्रपट ठरवायचा. त्या चित्रपटाची श्रेयनामावली किंवा पुस्तिका मिळाली तर त्यात तिचं नाव शोधायचं. चित्रपट उपलब्ध असेल तर तो प्रसंग शोधायचा. हे सगळं जुळल्यावर मग कान, भुवयांची ठेवण आणि हनुवटी एखाद्या निर्विवाद फोटोशी ताडून पाहायची. मूल मोठं होताना गाल आणि नाक बदलतात, कानाची घडण फारशी बदलत नाही.

फोटोवर साल नाही. ते कसं शोधायचं?

छापील नाव असेल तर बरंच सोपं. ‘नीलकमल’मध्ये ती मुमताज या नावाने आहे, मधुबाला हे नाव देविकाराणींनी सुचवलं आणि ते त्यानंतर रूढ झालं.

सोबतच्या नटावर मात्र विसंबू नका. राज कपूरबरोबरचा प्रत्येक तरुणपणीचा फोटो सर्रास ‘नीलकमल’चा म्हणून विकला जातो. प्रत्यक्षात त्याच 1947 साली दोघांचे ‘चित्तोड विजय’ आणि ‘दिल की रानी’ही आले, आणि 1948 मध्ये ‘अमर प्रेम’. इथे वेशभूषा बघितल्याशिवाय निर्णय करता येत नाही.

काही स्थिरचित्रांच्या कोपऱ्यात पांढरे आकडे दिसतात. ते नेगेटिव्हवर खरवडलेले असतात आणि त्यावरून एकाच चित्रपटाचे फोटो क्रमाने लावता येतात. कडा कापून फ्रेम करणारे लोक हे आकडेच कापून टाकतात तेव्हा जीव तुटतो.

कात्रणांसाठी मासिकांच्या तारखा पाठ असलेल्या बऱ्या. बाबूराव पटेलांचं ‘फिल्मइंडिया’ 1935 पासूनचं, ‘स्क्रीन’ 1951 पासूनचं, ‘फिल्मफेअर’ 1952 पासूनचं. ‘फिल्मफेअरमधलं 1949 चं कात्रण’ ही वस्तू अस्तित्वातच नाही.

अमेरिकेतल्या ‘लाइफ’ साप्ताहिकाचे ते प्रसिद्ध फोटो सुरुवातीचे मानायचे का?

नाही. छायाचित्रकार जेम्स बर्क यांनी ते 1951 मध्ये मुंबईत काढले. तोवर ती मोठी तारका झाली होती; पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या ‘थिएटर आर्ट्स’ मासिकाने तिच्यावर लेख छापला. बर्क यांचे फोटो सुंदर आहेत यात शंका नाही. पण ‘लाइफ’चा संग्रह इंटरनेटवर खुला झाल्यापासून ते उतरवून घेऊन छापलेल्या प्रती ‘दुर्मीळ’ म्हणून दुकानादुकानांत लटकलेल्या दिसतात. त्या भिंतीवर लावायला घ्या, संग्रहाची वस्तू म्हणून पैसे मोजू नका.

रंगीत फोटो मिळाला आहे. खरा असेल का?

हाताने रंगवलेला असू शकतो. कृष्णधवल प्रिंटवर ओठ, साडी, दागिने ब्रशने रंगवायची पद्धत तेव्हा होती, आणि ते काम करणारे कारागीर फार तयारीचे होते. भिंगाखाली रंग प्रिंटच्या वर बसलेला दिसतो, काठाशी किंचित बाहेर गेलेला असतो.

संगणकाने रंगवलेल्या आणि ‘स्पष्ट’ केलेल्या चित्रांबद्दल मी कडक आहे. यंत्र हरवलेला तपशील परत आणत नाही, नवा तयार करतं. पापण्या लांब होतात, त्वचा गुळगुळीत होते, आणि चौदा वर्षांच्या मुलीला पंचविशीतल्या बाईचा चेहरा मिळतो. ही चित्रं आता इतकी पसरली आहेत की ओळख पटवताना लोक त्यांच्याशी तुलना करू लागलेत. संग्रहात ती ठेवू नका आणि पुढे पाठवूही नका.

गाण्यांच्या पुस्तिका आणि शोकार्डं यांना फोटोंच्या संग्रहात जागा द्यायची का?

जरूर द्या. थिएटरबाहेर काचेच्या पेटीत लागणारी शोकार्डं आणि थिएटरात विकली जाणारी गाण्यांची चार-आठ पानी पुस्तिका यांवर चित्रपटाचं नाव, कंपनी आणि कलाकार छापलेले असतात. सुट्या फोटोची ओळख पटवायला याहून चांगला साक्षीदार नाही. नव्या माणसाने तर पुस्तिकांपासूनच सुरुवात करावी. त्या फोटोंपेक्षा स्वस्त मिळतात आणि डोळा तयार होतो.

किंमत किती द्यावी?

ठरीव भाव नाही. त्या काळातली प्रिंट, ठरलेला चित्रपट, पाठीवर छायाचित्रकाराची खूण आणि फोटो कुठून आला याची माहिती, या चार गोष्टी असतील तर हात थोडा सैल सोडायला हरकत नाही. नुसत्या चेहऱ्याच्या देखणेपणासाठी जास्त देऊ नका. आणि ‘आजच्या आज घ्या, दुसरं गिऱ्हाईक उभं आहे’ असं कानावर पडलं तर तिथून निघावं.

मला एक जुना कौटुंबिक अल्बम मिळाला आहे. त्यातले मधुबालाचे दोनच फोटो हवेत. काढून घेऊ का?

कृपा करून काढू नका. अल्बममध्ये तिच्या शेजारी कोणत्या नट्या आहेत, खाली कुणी शाईने काय लिहिलंय, पानांचा क्रम कसा आहे, यावरूनच त्या दोन फोटोंचं साल ठरणार असतं. एकदा फोटो सुटे झाले की ती माहिती कायमची गेली. विकणाऱ्याला तुकडे करून जास्त पैसे मिळतात, म्हणून अल्बम फुटतात. निदान आपण तरी अख्खा अल्बम घ्यावा किंवा अख्खा सोडावा. घेणं परवडत नसेल तर प्रत्येक पानाचा फोटो काढू द्यायची विनंती करा. पुष्कळ जण देतात.

मुंबईच्या आणि कोकणच्या पावसात हे सांभाळायचं कसं?

शत्रू तीन: दमट हवा, कसर आणि चुकीचं प्लास्टिक. पारदर्शक पॉलिएस्टरचे पाकीट किंवा आम्लरहित कागदाचे लिफाफे वापरा. बाजारातली वास येणारी पीव्हीसीची पाकिटं आणि चिकट पानांचे अल्बम फोटोचा घात करतात. पेटी भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर ठेवू नका. चार महिने सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वेळच्या वेळी बदला, आणि पेटीत आर्द्रता दाखवणारा स्वस्तातला काटा टाका; निम्म्याच्या वर जाऊ लागला की लक्ष द्या. डांबरगोळ्या नकोत, त्यांची वाफ फोटोला चांगली नाही.

लॅमिनेशन कधीही करू नका. ते उलटवता येत नाही. बुरशी ओल्या फडक्यानेही पुसू नका, जिलेटिन सुटून चेहरा फडक्यावर येतो. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका आणि बाकीचं जाणकार संवर्धकावर सोडा. पाठीवर काही लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलने, हलक्या हाताने, कडेला.

नेगेटिव्ह मिळाली तर?

आनंद होईल, पण आधी सावध व्हा. त्या काळातली नेगेटिव्ह नायट्रेटची असू शकते. पिवळी पडलेली, चिकट झालेली, उग्र वासाची असेल तर घरात, विशेषतः बंद डब्यात आणि उन्हाळ्यात, ठेवणं धोक्याचं आहे, कारण नायट्रेट पेटलं की विझवता येत नाही. घासू नका, पंख्याखाली वाळवू नका, स्कॅनरच्या दिव्याखाली धरू नका. पुण्याचं चित्रपट संग्रहालय किंवा मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन यांना कळवा आणि ते सांगतील तसं करा. व्हिनेगरसारखा वास आला तर ती अॅसिटेटची. ती तशी पेटत नाही, पण शेजारच्या फिल्मलाही बिघडवते, म्हणून लगेच वेगळी काढा.

स्कॅन कसा करावा?

निदान 600 डीपीआयला, टिफ फाइलमध्ये, पुढची आणि मागची दोन्ही बाजू, कडांसकट. कृष्णधवल फोटोही रंगीत मोडवर स्कॅन करा, म्हणजे कागदाचा पिवळेपणा आणि शिक्क्याच्या शाईचा रंगही नोंदला जातो. डाग काढायचे तर दुसऱ्या प्रतीवर काढा.

फोटो माझा आहे, मग छापायचा हक्कही माझा ना?

प्रिंट तुमची, हक्क वेगळा. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात फोटोंसाठी निराळी मुदत होती. 2012 च्या दुरुस्तीने ती काढली आणि फोटोंनाही छायाचित्रकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षांची मुदत लागू झाली. ज्यांची मुदत आधीच संपली होती ते हक्क त्यामुळे परत जिवंत होत नाहीत. चाळीसच्या दशकातल्या प्रत्येक फोटोचं गणित वेगवेगळं असतं, म्हणून पुस्तकात किंवा विक्रीच्या वस्तूवर छापण्याआधी वकिलाला विचारा. विदेशी मासिकांच्या फोटोंना तर परवानगी लागतेच असं धरून चला.

तिच्या आजारपणातले, घरातले खाजगी फोटो विकायला येतात. घ्यावेत का?

मी घेत नाही. तिच्या हृदयाला जन्मापासून छिद्र होतं आणि शेवटची वर्षं तिने जगापासून दूर काढली. ते दूर राहणं तिने निवडलं होतं, त्याचा मान राखावा असं मला मनापासून वाटतं. कामाच्या ठिकाणी, कामाचा भाग म्हणून काढलेले फोटो एवढंच आपलं क्षेत्र.

माझ्यानंतर या संग्रहाचं काय?

आत्ताच वहीत यादी करा: प्रत्येक फोटोचा नंबर, कुणाकडून घेतला, कधी, काय ओळख पटली आणि कशावरून. ओळख अंदाजाने असेल तर ‘अंदाज’ असंच लिहा. घरातल्या एका माणसाला ती वही दाखवून ठेवा. पुण्याचं संग्रहालय असं साहित्य स्वीकारतं. द्यायचं असेल तर वहीसकट, अल्बम न फोडता द्या, आणि देण्याआधी त्यांच्याशी बोलून कोणत्या वस्तू त्यांच्याकडे आधीच आहेत ते विचारून घ्या. ज्या असतील त्या एखाद्या नवख्या संग्राहकाला देता येतात.